गढूळ व्हायला हवं होतं

१

"मावशी, माझ्या ट्यूबमधलं जेल कुणीतरी बदललंय. घरातल्याच कुणीतरी," भाची दारातच म्हणाली आणि खांद्यावरची बॅग तिनं चपलांवर टाकली.

मावशीनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेली होती. नोकरी संपली, पण संशय घ्यायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. बाजारातल्या मधापासून शेजारणीच्या हसण्यापर्यंत काहीही समोर आलं की ती आधी ते उजेडात धरून बघायची. त्यामुळे "बस, पाणी पी" असलं काही न म्हणता तिनं थेट विचारलं, "दिवस गेलेत?"

भाचीनं मान हलवली आणि मग तिला रडू फुटलं.

भाची गर्भनिरोधक जेल बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होती. तिथल्या प्रयोगशाळेची मुख्य व्हायची वेळ जवळ आली होती, म्हणून तिनं आणि नवऱ्यानं पाळणा लांबवला होता. गोळ्या तिला सोसत नव्हत्या. मग आपल्याच कारखान्याचं जेल आणि त्याबरोबर गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबराची टोपी, असं चाललं होतं. ज्या ट्यूबांची शेपटी यंत्रात वाकडी दाबली जाई त्या बाजारात जात नसत. कामगारांनी त्या घरी न्याव्यात अशी तिथली पद्धत. भाचीच्या कपाटातली ट्यूबही तसलीच होती.

"जेल फसू शकतं, हे तुला मी शिकवायला नको," मावशी म्हणाली. "ते कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. चांगल्या जेलवरही कितीतरी बायकांना दिवस जातात."

"मीही आधी तेच म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली असं फार ऐकायला येतंय, तेव्हाही मी गप्प बसले. पण काल हात धुताना ते जेल गरम पाण्यात पडलं आणि पाणी स्वच्छच राहिलं, मावशी!"

आता मात्र मावशी उठली आणि तिनं पातेल्यात पाणी तापत ठेवलं.

या जेलमधलं खरं काम करणारं द्रव्य म्हणजे नॉनआयनिक सर्फॅक्टंट. नाव भारदस्त असलं तरी आहे तो साबणाचा चुलतभाऊ, फक्त अंगावर विजेचा भार न बाळगणारा. साबण ताटावरचा तेलकट थर सोडवतो, तसं हे द्रव्य शुक्राणूचं आवरण सोडवतं, की त्याचा खेळ खलास. आणि या चुलतभावाची एक खोड आहे. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, याचं नेमकं उलटं. गार पाण्यात हा मुकाट विरघळतो, पाणी चांगलं तापलं की दुधाळतो आणि निवलं की पुन्हा स्वच्छ होतो.

कपाटातली ट्यूब भाचीनं बरोबर आणली होती, आणि पर्समध्ये तळाशी एक जुनी, अर्धी पिळलेलीही सापडली. मावशीनं दोन पेल्यांत दोन्ही जेलं विरघळवली. हलवल्यावर फेस दोन्हींना सारखाच आला. मग पेले उकळत्या पाण्यात धरले. जुन्या जेलचा पेला बघता बघता पांढरा झाला. नव्या जेलच्या पेल्यातून पलीकडची खिडकी लख्ख दिसत राहिली.

"घरात माणसं कोण?"

"मी, हे आणि आई." आई म्हणजे सासूबाई. "त्या मला पाण्यात पाहतात असं नाही, मावशी. पण नातवंडासाठी त्यांचा जीव नुसता वरखाली होत असतो. काल मी त्यांना तोंडावर विचारलं, तुम्ही माझ्या कपाटात हात घातलात का? त्या काहीच बोलल्या नाहीत. आणि हे तर खूशच झालेत! पोटातल्याचं काय करायचं ते मी ठरवीन. पण हे कुणी केलं ते कळल्याशिवाय त्या घरात मी पाऊल टाकणार नाही."

मावशीनं पेला ओट्यावर ठेवला आणि सवयीनं भाचीलाही एकदा उजेडात धरून बघितलं. पोरगी खरं बोलत होती असं दिसत होतं. पण दिसण्यावर मावशीनं आजवर कधी सही केली नव्हती.

२

भाचीच्या सासरी सासूबाई दुखऱ्या गुडघ्याला ध्वनिलहरींचा शेक देणारं यंत्र लावून बसल्या होत्या. यंत्राशेजारी भली मोठी बाटली, आणि तिच्यात यंत्र फिरवण्याआधी चोळायचं, ट्यूबमधल्यासारखंच नितळ जेल. मावशीची नजर तिथे खिळलेली त्यांनी बरोबर हेरली.

"न्या की थोडं, विहीणबाई. तपासायलाच आलात ना?"

"आले खरी," मावशी म्हणाली. आडपडदा ठेवून विचारणं तिला कधी जमलं नव्हतं. "तुम्हाला नातवंड हवंय?"

"हवंय. सुनेच्या तोंडावर सांगते, लेकाच्या सांगते, दारात आलेल्या माणसालाही सांगते. एवढी बोंब मारणारी बाई चोरून कशाला करेल?" त्यांनी गुडघ्यावरचं यंत्र सरकवलं. "काल तिनं विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं म्हणून गप्प नाही बसले. तिला माझ्याबद्दल असं वाटू शकतं, याचाच धक्का बसला."

मावशीनं बाटलीतलं थेंबभर जेल मोरीवर नेऊन पाण्यात घोळलं, खळखळून हलवलं. फेसाचा एक बुडबुडा येईल तर शपथ. ट्यूबमधल्या बनावट जेलला तर फेस येत होता. म्हणजे गुडघ्याचं जेल ट्यूबमध्ये गेलेलं नव्हतं. सासूबाईंच्या बाजूनं एक मत पडलं, पण एकच.

जावई मात्र बोटं मोडत उभा होता. चेहऱ्यावर काळजी आणायचा प्रयत्न चालला होता आणि आतला आनंद फटीफटीतून बाहेर येत होता.

"मावशी, झालं ते झालं. आता खोदत बसून काय उपयोग?"

"जावईबापू, हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं ना, त्यांतल्या निम्म्यांच्या गोदामात भेसळ निघाली."

तो लालबुंद झाला. "मी काही केलेलं नाही! मला मूल हवं होतं, पण मी थांबायला कबूल होतो."

तेवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज आला. आत आले ते काका, म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर. भाचीच्या कारखान्यात जेल ढवळण्यापासून ट्यूबा भरण्यापर्यंतचा सगळा विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि भाचीला तिथे चिकटवलं होतं तेही त्यांनीच. माणूस धुतल्या तांदळासारखा. थोड्याच दिवसांत निवृत्त व्हायचे होते.

"वहिनी, सूनबाई माहेरी गेली म्हणे मावशीकडे? काय झालं?"

"सासूसुनेचं आहे, भाऊजी. तुम्ही नका पडू त्यात," सासूबाईंनी विषय मिटवला. असल्या गोष्टी दिराशी बोलायच्या नसतात, आणि दीरही विचारत नाहीत. काकांनी मान खाली घालून चष्मा पुसला.

मावशीनं मात्र जाता जाता त्यांना विचारलं, "तुमचा कारखाना एकदा बघता येईल का हो? हाताला सवय आहे, घरी बसून गंज चढतो."

"विहीणबाई, तुम्ही तर आमच्याच वाटेवरच्या! हवं तेव्हा या," काका आनंदानं म्हणाले.

३

मावशीनं भाचीला एकच काम सांगितलं. "तुझ्या घराचा उंबरा जिनं कधी ओलांडला नाही, अशी एक ट्यूब मला आणून दे. त्याच बॅचची. टोपणाचं सील न फोडलेली."

अशी ट्यूब भाचीच्या कारखान्यातल्या कप्प्यात पडून होती. तीही वाकड्या शेपटीची, पण कुणी हात न लावलेली. दुपारी दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. मावशीनं सील स्वतः फोडलं. फेस आला. पेला उकळत्या पाण्यात गेला. भाची ओठ चावत बघत होती आणि पेल्यातलं पाणी काही केल्या गढूळ होईना.

"म्हणजे आईंनी नाही..." भाची खुर्चीत बसली. "मावशी, मी त्यांना काय काय बोलले गं!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, दुसरं काय. पण रडायचं नंतर. डोकं चालव. ही ट्यूब घरात बदलली गेली नाही, ती जन्मली तेव्हापासूनच अशी आहे. मग तिच्याबरोबर जन्मलेल्या बाकीच्या ट्यूबा कुठे आहेत?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "दवाखान्यांत. दुकानांत. पण हे शक्यच नाही. प्रत्येक बॅच बाहेर जायच्या आधी मी तपासते. जेल पाण्यात घालून तापवते, आणि नेमक्या खुणेला ते गढूळ व्हावं लागतं. ही बॅच गढूळ झाली होती, मावशी. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"आणि द्रव्य किती आहे ते?"

"तेही बरोबर आलं. पण ती चाचणी किती आहे एवढंच सांगते. त्या कुळातलं नेमकं कुठलं आहे ते कळतं फक्त गढूळ होण्यावरून."

मावशीनं पेला पुन्हा उजेडात धरला. तेच जेल, तीच उष्णता. या ओट्यावर ते काचेसारखं स्वच्छ राहतं आणि तिथे प्रयोगशाळेत दुधासारखं होतं. दोन्ही खरं असणं कठीण. एक तर पोरगी चाचणी न करताच सही ठोकत होती आणि आता अंगाशी आल्यावर गोष्ट रचत होती. नाहीतर...

"उद्या माझ्यासमोर करून दाखव," मावशी म्हणाली. आवाजात मायेचा लवलेश नव्हता, आणि ते भाचीला कळलं.

४

कारखाना स्वच्छ होता. काकांनी स्वतः फिरवून दाखवला. ढवळायची मोठी भांडी, ट्यूबा भरून शेपटी दाबणारं यंत्र, थंडीत पिंपं ऊबदार ठेवायची वाफेची खोली. कोपऱ्यात एक बाई रबरी हातमोजे घालून मिक्सरची पाती घासत होती. तिच्या टबातल्या पाण्याच्या वाफा येत होत्या आणि पाणी ताकासारखं पांढरं दिसत होतं.

"जेलचंच उरलंय का हो ते?" मावशीनं विचारलं.

"नाही, धुवायचं औषध ते. हल्ली असंच पांढरं होतंय," बाई म्हणाली.

"जुनी भांडी आहेत, चिकटा बसतो," काका मधेच म्हणाले. "या, प्रयोगशाळा बघू." आणि ते भरभर पुढे झाले.

प्रयोगशाळेत भाची एकटीच होती. तिची मदतनीस, जी मुख्य व्हायची स्वप्नं भाचीइतकीच बघत होती, आठवडाभर रजेवर होती. मावशीनं ते लक्षात ठेवलं. काकांना खालून हाक आली, ते गेले. भाचीनं दार लोटलं आणि राखून ठेवलेल्या त्याच बॅचच्या नमुन्यातून थोडं जेल काढलं. निळ्या बुचाच्या बाटलीतून पाणी घेतलं, जेल विरघळवलं, थर्मामीटर सोडला आणि खालची शेगडी चालू केली. मावशीनं मदत केली नाही. ती नुसती भाचीच्या हातांकडे बघत राहिली. कुठे बोट सरकतंय, कुठे काही निसटतंय, काही नाही. पद्धत निर्मळ होती.

पारा चढत गेला. बरोबर खुणेला येताच काचेतलं पाणी धूसर झालं, मग पांढरं झालं.

"बघ!" भाची जवळजवळ ओरडलीच. "आता म्हण मी खोटं बोलतेय!"

मावशीनं काल सील फोडलेल्या ट्यूबमधलं राहिलेलं जेल पर्समधून काढलं. "याचं कर."

त्याचंही तेच झालं. काल ओट्यावर जे जेल उकळत्या पाण्यातही ढिम्म हललं नव्हतं, ते इथे खुणेला पोचताच शहाण्यासारखं गढूळ झालं.

जेल तेच, उष्णता तीच. मावशीनं टेबलावरची एकेक वस्तू नजरेनं उचलून खाली ठेवली. शेवटी नजर निळ्या बुचावर थांबली.

"हे पाणी दुसऱ्या कशाला वापरतेस?"

"फक्त याच चाचणीला. ऊर्ध्वपातित पाणी आहे, साधं."

"भरतं कोण?"

"काका. खालच्या यंत्रातून रोज सकाळी स्वतः आणून ठेवतात. मी म्हटलं मी आणीन, तर म्हणाले, सूनबाईंनी जिन्यावरून बाटल्या वाहायच्या नाहीत." भाची हसली. "आजचीही त्यांनीच आणली."

मावशीनं पाण्याचे चार थेंब काचपट्टीवर टाकले आणि पट्टी शेगडीवर धरली. साधं ऊर्ध्वपातित पाणी आटलं की मागे काही राहत नाही. ते आटलं आणि पट्टीवर पांढरा क्षार उरला.

भाचीचं हसू तिथल्या तिथे विरलं.

५

रविवारी सगळे सासूबाईंच्या घरी जमले. मावशीनंच काकांना निरोप धाडला होता. भाची उंबऱ्याशी क्षणभर अडखळली, पण आत आली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. जावई उगाच खुर्च्या सरकवत होता.

मेजावर दोन पेले होते. मावशीनं दोन्हींत एकाच ट्यूबमधलं जेल घातलं.

"एकात साधं पाणी आहे आणि एकात निळ्या बुचाचं," ती म्हणाली. काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बघा आता."

गरम पाण्यात धरल्यावर एक पेला स्वच्छ राहिला. दुसरा गढूळला.

"निळ्या बुचाच्या पाण्यात मीठ आहे," मावशी म्हणाली. "एकाच कुळातली दोन द्रव्यं या कारखान्यात येतात. एक आखूड शेपटीच्या रेणूंचं, ते जेलमध्ये जातं. दुसरं लांब शेपटीचं, भांडी धुवायला. फेस दोघांना येतो. पण लांब शेपटीच्या द्रव्याला शुक्राणू फारसे भीक घालत नाहीत. आणि साध्या पाण्यात ते उकळलं तरी गढूळ होत नाही, म्हणून त्याची चाचणी मिठाच्या पाण्यात करतात. मीठ असलं की तेही लवकर गढूळतं. जेल बनवणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना हे सगळं कारखान्यात शिकवतात."

"म्हणजे जेलमध्ये..." जावई म्हणाला.

"धुवायचं द्रव्य. आणि खरं द्रव्य मिक्सर धुण्यात! मिक्सर धुणाऱ्या बाईच्या टबातलं गरम पाणी पांढरं झालं होतं ना, ते चिकट्यानं नाही. पिंपांची अदलाबदल झाली होती. ती चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. पाण्यातलं मीठ मात्र चुकून पडत नाही. गढूळपणा बरोबर खुणेवर यावा म्हणून ते मापानं घातलंय. आता सांगा, कोणी? गोदामवाला पिंप चुकीचं देईल, पण त्याला या चाचणीचा गंध नाही. मदतनीस बाईला चाचणी येते, आणि भाचीची जागा तिला हवीही आहे. पण ती रजेवर आहे आणि पाणी त्याच सकाळी भरलेलं होतं. भाचीनं स्वतः घातलं असतं तर मला समोर बसवून चाचणी कशाला करून दाखवेल? आणि स्वतःला दिवस कशाला जाऊ देईल?"

काका एकदम वर बघू लागले. "कुणाला दिवस गेले?"



"राहिलं कोण?" मावशी म्हणाली. "बाटली रोज स्वतःच्या हातानं जिन्यावरून वर नेणारा माणूस."

सासूबाईंच्या गुडघ्याचं यंत्र गुणगुणत होतं. त्यांनी हात लांबवून ते बंद केलं.

६

काका नाकबूल झाले नाहीत. कदाचित इतके दिवस कुणीतरी विचारावं म्हणूनच ते वाट बघत असावेत.

"वाफेच्या खोलीत पिंपांची लेबलं गळून पडली होती," ते म्हणाले. "माझा डोळा कधी चुकत नाही, असं सगळे म्हणतात. मी बोट दाखवलं ते पिंप त्यांनी उघडलं. धुणारी बाई पाणी पांढरं होतंय म्हणून कुरकुरायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तोवर पहिली टाकी भरून ट्यूबा बाहेर पडल्या होत्या."

"त्या ट्यूबा तपासताना मीठ नव्हतंच मग," मावशीनं अडवलं.

"होतं," काका पुटपुटले. "बाई सकाळी कुरकुरली. चाचणी दुपारी होती."

म्हणजे दुपारपर्यंत खरं सांगायला त्यांना पुरता वेळ होता. मावशीला त्या माणसाची कीव येऊ लागली होती, ती तिथेच आटली.

"सगळं आयुष्य गेलं तिथे. एक घाण बॅच माझ्या हातून बाहेर गेली नाही," काका म्हणाले. "आता निरोपाच्या वेळी टाकीच्या टाकी ओतून द्यायची, पिंपं परत बदलायला सांगून चूक कबूल करायची, सगळ्यांसमोर? आणि हे जेल तसंही कुठे शंभर टक्के असतं? चांगल्यावरही दिवस जातातच. कुणाला वेगळं कळणार होतं?"

"तेच तर. जिथे अपयश नेहमीचंच, तिथे पाप लपवायला जागा आयतीच मिळते."

"अहो, पण त्या बायका कोण, कुठल्या, मी कुणाचं वाईट चिंतून..."

"भाऊजी," सासूबाई म्हणाल्या. "ती ट्यूब या घरातली आहे. आपल्या सुनेच्या कपाटातली."

काकांनी भाचीकडे बघितलं. आयुष्यभर या माणसानं हे जेल ढवळलं होतं, पण घरात कधी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. ते वापरणाऱ्या बायका म्हणजे कुठल्यातरी लांबच्या, तोंड नसलेल्या बायका. त्यांतली एखादी रविवारी आपल्यासमोर चहाचा कप ठेवत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

मग त्यांनी जे केलं ते मावशीला अपेक्षितच होतं. भेदरलेला माणूस हेच करतो.

"ते पिंप संपतच आलंय," ते घाईघाईनं म्हणाले. "उद्यापासून नवं उघडतो. सगळं ठीक होईल. सूनबाई, सही तुझी आहे प्रत्येक बॅचवर. हे बाहेर गेलं तर माझी नुसती अब्रू जाईल, पण तुझी नोकरी जाईल. मुख्य व्हायचं तर सोडूनच दे. घरातलं घरात राहू दे."

जावयानं बायकोकडे बघितलं, मग काकांकडे. "काका म्हणतात त्यातही..." आपलेच दात, आपलेच ओठ.

मावशीच्या जिभेवर चार शब्द आले होते, पण तिनं ते गिळले. चोर शोधून देणं तिचं काम होतं. पुढचं या घराचं होतं, आणि हे घर पोरीचं आहे की नाही ते आत्ता ठरत होतं.

सासूबाई मेजाचा आधार घेत उठल्या.

"मला नातवंड हवं होतं," त्या म्हणाल्या. "अजूनही हवंय, खोटं कशाला बोलू? पण असं नको होतं. तिला अंधारात ठेवून नको होतं. ठेवायचं की नाही ते तीच ठरवेल, आणि जे ठरवेल त्यात मी तिच्या बाजूला उभी असेन. आणि भाऊजी, तुमची अब्रू आम्ही नाही घालवली."

"आई," भाची म्हणाली. "मी तुमच्यावर नको तो आळ..."

"घेतलास. लागलं मला. ते आपण दोघी नंतर बघू." सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "पण तू निदान तोंडावर विचारलंस. बाकीच्या घरांत काय चाललं असेल? कुठे सून सासूवर आळ घेत असेल. कुठे नवरा म्हणत असेल, मी तर काळजी घेतली होती, मग हे कुणाचं? त्या पोरींना कोण सांगणार, की चूक तुमची नाही?"

जावयानं खाली मान घातली. मग तोच उठला, फोन आणला आणि बायकोच्या हातात दिला.

भाचीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी तो लगेच उचलला.

"बाई, आमचं जेल देणं आजपासून थांबवा," ती म्हणाली. "त्यात खरं औषधच नाही. बॅच मी पास केली होती, सही माझी आहे. ज्यांना दिवस गेलेत त्यांना बोलावून घ्या, त्यांच्या घरच्यांनाही बोलावा आणि सांगा, दोष कारखान्याचा आहे. लेखी हवं असेल तर मी उद्या स्वतः येऊन देते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासूबाईंनी सुनेचा हात अजून सोडला नव्हता.

"किती बायका ते मला आत्ता सांगता येणार नाही," भाची म्हणाली. "मोजावं लागेल. पहिली मला धरा."